दुपारचा वारा, गेटचं पाणी आणि १८ फुटी बोट

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुमच्याकडे १८ फुटी फायबरची बोट आहे, मागे ४० एचपीचं आऊटबोर्ड, म्हणजे मागच्या फळीला बाहेरून टांगलेलं इंजिन. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्यात, अंभोऱ्याच्या बाजूला, तरंगत्या जेटीवरून सहा-सात माणसं घेऊन फेऱ्या मारता. सकाळी बोट गुमान जेटीला लागते. दुपारी वारा सुटला की तिचं तोंड फिरतं आणि ती शेजारच्या बोटीवर जाते. पावसाळ्यात धरणाचे गेट उघडल्यावर तर पाणीच ओढून नेतं. तुमचं विचारणं एवढंच, की जेटीजवळ येताना वेग किती ठेवायचा, आणि ४० च्या जागी ६० एचपीचं इंजिन बसवलं तर काम सोपं होईल का.

वेगाचा आकडा मी सांगू शकतो, पण त्याने तुमचं काम होणार नाही. तुमची अडचण वेगाची नसून बाजूची आहे. जेटीकडे कोणत्या बाजूने यायचं आणि कोणता दोर आधी टाकायचा, या दोन गोष्टी वारा आणि धार बघून दर फेरीला नव्याने ठरवाव्या लागतात. तुम्ही सकाळी ज्या बाजूने येता त्याच बाजूने दुपारीही येत असणार, असा माझा अंदाज आहे. जेटी कशी बसवली आहे, तिच्याभोवती पाणी किती खोल आहे, शेजारी किती बोटी आहेत, हे मला दिसत नाही. तेव्हा खाली जे कोन आणि अंतरं देतो ती तुमच्या बोटीवर ताडून घ्या.

आधी बोट अशी का वागते ते बघू. आऊटबोर्डला वेगळं सुकाणू नसतं. पंख्याचा जोर ज्या दिशेने वळवाल तेच तुमचं सुकाणू. गिअर न्यूट्रलला गेला की स्टीअरिंग फिरवून जवळजवळ काहीच होत नाही. म्हणून क्रम कायम हाच ठेवा: आधी स्टीअरिंग पूर्ण वळवायचं, मग गिअर टाकायचा. उलटं केलंत तर बोट आधी सरळ पुढे ढकलली जाते आणि मग वळते. जेटीजवळ ते तीन-चार फूट फार महाग पडतात.

दुसरं म्हणजे बोट मोटारीसारखी पुढच्या चाकांवर वळत नाही. पुढे जाताना ती नाकापासून साधारण एक तृतीयांश लांबीवरच्या बिंदूभोवती फिरते, म्हणजे नाक थोडं आत येतं आणि मागचा भाग बराच बाहेर फेकला जातो. शेजारच्या बोटीला लागतं ते बहुतेक वेळा तुमचं मागचं टोक. चालवणाऱ्याची नजर नाकावर असते, म्हणून हे त्याच्या लक्षातच येत नाही.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. नाकाकडचा भाग पाण्यावर उंच आणि पाण्यात उथळ असतो. मागे इंजिनचं वजन आणि त्याचा पाय पाण्यात रुतलेला असतो. त्यामुळे वेग कमी झाला की वारा आधी नाकाला धरतो आणि बोट आडवी करतो. तुमचं 'तोंड फिरतं' ते यामुळे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. सकाळची १० किलोमीटरची झुळूक दुपारी २० ची झाली, तर तुम्हाला फरक दुप्पट वाटतो, बोटीला तो चौपट लागतो.

धारेचं गणित आणखी कडक आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून सारख्याच क्षेत्रफळावर ताशी २ किलोमीटरची धार साधारण ताशी ५५ किलोमीटरच्या वाऱ्याइतकी ढकलते. हवेत असलेला बोटीचा भाग पाण्यातल्या भागापेक्षा मोठा असतो, त्यामुळे प्रत्यक्षात फरक थोडा कमी होतो. तरीही वारा आणि धार भांडायला लागले तर पैज धारेवर लावा.

आता प्रत्यक्ष काम. जेटीपासून चार-पाच बोटींच्या लांबीवर थांबा, गिअर न्यूट्रल करा आणि वीस-तीस सेकंद काहीच करू नका. किनाऱ्यावरची दोन खुणांची जोडी धरा, एक झाड आणि त्याच्या मागचा खांब अशी, आणि बोट कुठे सरकते ते बघा. कोण जिंकतंय हे बोटच सांगते. जोडीला बाकीच्या खुणाही वाचा. जेटीच्या खांबाला पाणी कोणत्या बाजूला फुगतं आणि कोणत्या बाजूला शेपटी निघते? बांधलेल्या डोंग्यांची तोंडं कुठे आहेत? जलपर्णीचे पुंजके कुठे चाललेत? एक ध्यानात ठेवा, पुंजक्याची पानं वाऱ्यालाही धरतात. धार बघायची तर फेस किंवा भिजून बुडालेली काडी बघा. आणि मधल्या पाण्याची धार काठाशी तशीच असेल असं धरू नका. पुलाच्या खांबामागे, काठाच्या खोबणीत पाणी उलटं फिरतं. नदीच्या मूळ पात्रात पाणी खाली जात असताना जेटीपाशी ते वर चढत असेल, असंही होतं.

जे जास्त जोरात ढकलतंय, त्याच्यावर नाक ठेवून जेटीकडे यायचं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

धार जेटीला समांतर असेल तर धारेच्या उलट तोंड करून, खालच्या अंगाने वर या. इथे एक गंमत आहे, ती आपल्या ढिवर नावाड्यांना न शिकवता येते. धारेइतकाच वेग दिला की बोट किनाऱ्याच्या मानाने जागच्या जागी उभी राहते, पण गिअर पडलेला आणि पंखा फिरत असल्यामुळे स्टीअरिंग पूर्ण ऐकते. आता नाक जेटीकडे अगदी थोडं, १० ते १५ अंश, वळवा. धार बोटीच्या बाहेरच्या कुशीला लागते आणि बोट आडवी सरकत जेटीकडे येते. कोन वाढवला की लवकर येते, कमी केला की थांबते. जेटी तीन-चार फुटांवर आली की नाक सरळ करा. घाई नाही, धडक नाही. फक्त कोन २५-३० च्या पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर धार नाकाला धरून बोट आडवी करेल.

धारेबरोबर येऊन लागायचा प्रयत्न कधीच करू नका. आऊटबोर्ड गिअरमध्ये टाकल्यावर नुसत्या आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता, बोट ताशी चार-पाच किलोमीटरने चालते. त्यात धारेचे चार मिळवले की जेटी तुमच्याकडे आठ-नऊने येते. थांबण्यासाठी मोठा रिव्हर्स मारला की नाक सैरभैर होतं. आणि घाबरून पुढचा दोर आधी बांधला, तर मागचा भाग धारेत जाऊन बोट गर्रकन फिरते.

धारेच्या उलट तोंड करून लागलात तर पहिला दोर नाकाचा, आणि तो वरच्या अंगाला, धारेकडे ताणलेला. मागचा दोर आधी बांधला की धार नाकाला जेटीपासून उघडते आणि बोट आडवी घालते. जेटीवरचा उत्साही पोट्टा हाती लागेल तो दोर ओढतो, म्हणून कोणता दोर आधी हे त्याला आधीच, नावानिशी सांगून ठेवा.

यातली सगळ्यात घातक जागा म्हणजे तरंगत्या जेटीची वरची, धार येऊन आदळते ती बाजू. जेटी काठापासून नदीत आडवी गेलेली असेल तर तिच्या वरच्या कडेला बोट लावू नका, अगदी रिकामी जागा दिसली तरी. तिथे धार बोटीला जेटीवर दाबून धरते, वरच्या बाजूची कड पाण्याखाली खेचली जाते आणि बोट जेटीला तरंगवणाऱ्या पिंपांखाली शिरू शकते. असं दाबली गेलेली बोट माणसांच्या हातांनी सुटत नाही. लागायचं तर जेटीच्या टोकाच्या बाहेरच्या अंगाला, किंवा खालच्या बाजूला. खालच्या बाजूला धार तुम्हाला जेटीपासून दूर नेते. त्यात कष्ट आहेत, जिवाला धोका नाही.

आता वारा. आपल्याकडे मार्च ते जून दुपारी वारा चढतो आणि सकाळी बहुधा पडलेला असतो, हे तुम्हाला सांगायला नको. बॅकवॉटरमध्ये गेट बंद असताना धार नावापुरती असते, तेव्हा वाऱ्यावरच सगळा हिशोब.

वारा जेटीकडून पाण्याकडे असेल, म्हणजे तुम्हाला बाहेर ढकलत असेल, तर तिरप्या कोनाने, साधारण ४०-४५ अंशांनी, सरळ जेटीवर या. वारा जवळजवळ नाकावर राहतो आणि बोट ताब्यात असते. मंद, पण ठाम चाल ठेवा. इथे फार हळू आलात तर शेवटच्या दहा फुटांत वारा नाक उडवून लावतो. नाक जेटीपासून चार-पाच फुटांवर आलं की स्टीअरिंग जेटीच्या उलट बाजूला पूर्ण वळवून एक छोटा पुढचा ठोका (क्षणभर पुढचा गिअर), म्हणजे मागचा भाग जेटीकडे यायला लागतो. लगेच न्यूट्रल, स्टीअरिंग जेटीकडे पूर्ण वळवून रिव्हर्सचा छोटा ठोका. बोट थांबते आणि मागचा भाग आत ओढला जातो. या क्षणी पहिला दोर बोटीच्या मधल्या क्लीटवरून (दोर अडकवायच्या दोन शिंगांच्या खुंटीवरून) टाका आणि जेटीवर मागच्या बाजूच्या खुंटीला अडकवा. आता गिअर पुढे, नुसता आयडल, आणि स्टीअरिंग जेटीच्या उलट. बोट पुढे जायला बघते, दोर तिला अडवतो, पंखा मागचा भाग जेटीकडे दाबतो. बोट जेटीला खेटून तशीच उभी राहते. नाक आत-बाहेर होत असेल तर स्टीअरिंग थोडं कमी-जास्त करा. मग शांतपणे पुढचा आणि मागचा दोर बांधा आणि शेवटी गिअर काढा. तुमच्या बोटीला मधलं क्लीट नसेल तर या आठवड्यात बसवून घ्या. आतून प्लायवूडचा किंवा स्टीलचा पट्टा आणि आरपार नट-बोल्ट हवेत. फायबरला नुसते स्क्रू लावलेलं क्लीट एक दिवस दोरासकट हातात येतं.

वारा पाण्याकडून जेटीकडे असेल तर येणं सोपं, निघणं अवघड. जेटीला समांतर या, तीन-चार फूट अंतरावर बोट पूर्ण थांबवा आणि वाऱ्याला तिला आणू द्या. नाक आधी येणार हे ठाऊक आहे, म्हणून ते जरा बाहेर, वाऱ्याकडे ठेवा. दोन्ही टोकं एकदमच टेकतील. निघताना काठीने ढकलत बसू नका. नाकाचा दोर मागच्या खुंटीला घ्या, नाकापाशी जाड फेंडर (धक्का झेलणारी उशी) लावा, स्टीअरिंग जेटीकडे वळवून आयडलवर पुढचा गिअर टाका. नाक फेंडरवर टेकतं आणि मागचा भाग वाऱ्यातून बाहेर उघडतो. ४०-५० अंश उघडला की न्यूट्रल, दोर सोडून आत ओढा, स्टीअरिंग सरळ आणि रिव्हर्सने थेट बाहेर. हा दोर खुंटीला गाठ मारून बांधू नका. खुंटीला वळसा घालून त्याचं दुसरं टोक बोटीतच ठेवा, म्हणजे बोटीतूनच सोडता येतो.

वेगाबद्दल विचारलंत म्हणून: शेवटच्या दोन बोटींच्या लांबीत वेग माणूस रमत चालतो त्याहून कमी, आणि तोही सलग नाही. दोन सेकंद गिअर, मग न्यूट्रल, पुन्हा दोन सेकंद. थ्रॉटलला हात लावायची वेळ क्वचित यावी. पुढून रिव्हर्सला जाताना न्यूट्रलवर एक सेकंद थांबा, पण गिअर टाकताना तो ठाम, एका झटक्यात टाका. हळूहळू सरकवला की आतले दात घासतात आणि नेमका गरजेच्या वेळी गिअर निसटतो.

हात-पाय मध्ये घालू नका, हे प्रत्येक फेरीला माणसांना सांगा. तुमची बोट, इंजिन, पेट्रोल आणि सहा माणसं मिळून वजन टनाच्या आसपास जातं. नुसत्या चालण्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला एक मीटरने, ती जेटीला लागली तर बसणारा दणका ५० किलोचं सिमेंटचं पोतं मीटरभर उंचावरून पडावं एवढा असतो. त्याच्याखाली कोणी पाय ठेवत नाही. दोर बांधून होईपर्यंत सगळे बसलेले, लाइफजॅकेट अंगावर, जेटीवर उडी मारायची नाही. इंजिन बंद करणारी लाल दोरी तुमच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली असावी. जेटीच्या दणक्याने चालवणाराच पाण्यात पडला तर पंखा फिरत राहता कामा नये. पण इंजिन मध्येच बंद पडलंच तर काय, हेही ठरलेलं हवं. दोन वल्ही आणि दोर लावलेला छोटा नांगर हाताशी, सीटखाली कोंबलेला नाही.

सामानाचं थोडक्यात. दोर नायलॉनचे घ्या, ते ताणतात आणि धक्का पितात. बाजारात मिळणारा निळा-पिवळा प्लास्टिकचा दोर तरंगतो आणि स्वस्त असतो, पण कमी ताणतो, क्लीटवरून निसटतो आणि आपल्या उन्हात कुसळं सुटून ठिसूळ होतो. तुमच्या बोटीला १० मिलिमीटर जाडी जोराच्या हिशोबाने पुरते, पण हातात धरायला १२ बरा. पुढचा-मागचा दोर १२-१५ फुटांचे आणि मधले दोन १८-२० फुटांचे. क्लीटला आधी बुडातून एक पूर्ण वळसा, मग इंग्रजी आठचे दोन फेरे, शेवटी एक उलटी अडकण. वळसा आधी घातला की ओढ असतानाही दोर हाताने धरता येतो. दोर मुठीला गुंडाळून कधी धरू नका. फेंडर १२ ते १५ सेंटिमीटर जाडीचे, प्रत्येक बाजूला तीन, आणि जेटीच्या कडेच्या उंचीला टांगलेले. स्कूटरचे जुने टायर चालतात, फक्त त्यांना जुनं गोणपाट शिवून घ्या, नाहीतर फायबरवर काळे पट्टे उठतात.

जलपर्णीचं वेगळं सांगतो, कारण आपल्या पाण्यात ती कमी होण्याचं लक्षण नाही. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमधून याच बॅकवॉटरला येतं आणि ही वनस्पती त्यावरच पोसते. पुंजक्यातून जेटीकडे आलात की मुळं पंख्याला गुंडाळतात, आणि ते तुम्हाला कळतं कधी, तर थांबायला रिव्हर्स टाकता तेव्हा. म्हणून जेटीपासून लांब असतानाच एकदा रिव्हर्स टाकून बघा. बोट थांबली तरच पुढे या. इंजिनच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धारही बघत चला. ती बारीक झाली की थंड करायचं पाणी आत जात नाही, इंजिन बंद करून पाय वर घ्या आणि साफ करा. वाऱ्याच्या वरच्या बाजूला, मोकळ्या पाण्यात.

इथवरचं चार शब्दांत: थांबून बघा, जोरावर नाक ठेवा, धारेत नाकाचा दोर आणि वाऱ्यात मधला दोर आधी, शेवटची दोन लांबी ठोक्या-ठोक्याने. आणि दोन लांबी उरल्या असताना कोन बिघडलेला दिसला तर तिथेच सोडून द्या. कोणत्या बाजूने बाहेर पडायचं हे येण्याआधीच ठरलेलं असावं. लोक बघतायत म्हणून जुळवत बसणं, यातच बहुतेक बोटींचे कोपरे फुटतात.

नुसता वारा जास्त असेल आणि थांबून राहायचं असेल, तर मागचं टोक वाऱ्याकडे करून रिव्हर्स आयडलवर ठेवा. नाक आपोआप वाऱ्याखाली राहतं आणि बोट शांत उभी राहते. मात्र लाटा उठल्या असतील तर हे करू नका. आऊटबोर्डची मागची फळी बुटकी असते, तिथून पाणी आत येतं. तेव्हा नाक वाऱ्यावर. एप्रिल-मे-जूनमध्ये ढग बांधून आले आणि क्षितिजावर धुळीचा पट्टा दिसला, तर तो वारा पावसाच्या आधी पोचतो. जेटी गाठायचा हट्ट न करता जवळचा, वाऱ्याच्या आडोशाचा, मऊ मातीचा काठ धरा, माणसं उतरवा. पण बॅकवॉटरच्या काठाला बुडालेल्या झाडांची खुंटं असतात, म्हणून कुठला काठ साफ आहे हे उन्हाळ्यात पाणी उतरलेलं असताना बघून ठेवा.

गोसीखुर्दला ३३ गेट आहेत. किती उघडली, किती उंचीने, यावर तुमच्याकडची ओढ तासाभरात बदलू शकते. शिवाय कन्हान आणि वैनगंगा दोन्हीकडून पाणी येत असतं, म्हणून गेट बंद असलं तरी वरचा पाऊस विचारून घ्या. धारेच्या उलट अर्ध्या थ्रॉटलवरही बोट जेमतेम पुढे सरकत असेल, तर त्या दिवशी माणसं घेऊच नका.

सराव जेटीवर करू नका. २० लिटरचा रिकामा कॅन घ्या, त्याला दोर आणि दगड बांधून मोकळ्या पाण्यात टाका. वाऱ्याच्या दिवशी एकट्याने, त्या कॅनला बोटीच्या मधल्या क्लीटपाशी मिनिटभर हाताच्या अंतरावर ठेवून बघा, आधी उजव्या अंगाला, मग डाव्या. रिव्हर्समध्ये पंखा मागचं टोक किंचित एका बाजूला ओढतो, उजव्या फिरकीचा पंखा असेल तर डावीकडे. तुमच्या बोटीला ते किती आहे हे या कॅनवर कळेल, आणि जमेल तेव्हा डावी बाजू जेटीला लावणं का सोपं पडतं तेही.

६० एचपीचं म्हणाल तर मी नाही बसवणार. जेटीजवळ तुम्ही आयडलवरच असता, तिथे वाढीव ताकद उपयोगी पडत नाही. उलट मागचं वजन वाढून नाक आणखी उचलतं, म्हणजे वाऱ्याला धरायला जास्त जागा. शिवाय बोटीवर बनवणाऱ्याची पाटी असेल आणि तिच्यावर जास्तीत जास्त एचपी लिहिलेले असतील, तर तेही बघा. तो पैसा मधली दोन क्लीट, चार नायलॉनचे दोर, सहा फेंडर आणि एका कायमच्या मदतनिसावर घाला. मदतनीस दर फेरीला तोच असावा.